सुपारी दाढेखालीच का जाते?

कडक सुपारीचे खांड कोणी पुढच्या दातांनी फोडू पाहत नाही. जीभ ते आपसूक दाढेखाली सरकवते. या सवयीमागे तरफेचे गणित आहे.

खालचा जबडा ही एक तरफच होय. कानापुढचा सांधा हा तिचा टेकू. गालातील चर्वण स्नायू आणि कानशिलावर पंख्यासारखा पसरलेला स्नायू बल लावतात व भार दातांवर येतो. बल हे टेकू आणि भार यांच्यामध्ये लागत असल्याने ही चिमट्याच्या जातीची तरफ ठरते. अडकित्त्याची रचना वेगळी. त्यात सुपारी बिजागरीजवळ आणि हात दूर असतो, म्हणून थोडक्या जोरात काम होते. जबड्याला ही सवलत नाही.

बल आणि टेकूपासूनचे त्याचे लंब अंतर यांचा गुणाकार म्हणजे आघूर्ण. समजा, स्नायूंचे एकत्रित बल ६०० न्यूटन असून ते सांध्यापासून ४ सेंटिमीटरवर लागते. मग १० सेंटिमीटरवरच्या पुढच्या दातांना २४० न्यूटन मिळतात, तर ६ सेंटिमीटरवरच्या दाढेला ४००. (निरोगी प्रौढाची दाढ प्रत्यक्षात सुमारे ५०० ते ७०० न्यूटन, म्हणजे ५० ते ७० किलो वजनाइतका जोर लावू शकते.)

उरलेले बल जाते कुठे? सांध्यावर. वरच्या उदाहरणात दाढेने चावताना त्याच्या वाट्याला २०० न्यूटन येतात, पुढच्या दातांनी चावताना तब्बल ३६०. चावा दुबळा आणि सांध्याला जाच अधिक, असा हा उफराटा व्यवहार! जबड्याचा सांधा दुखत असेल तर पेरू किंवा सफरचंद कापून खावे, या सल्ल्याचे एक कारण हेच.

एकाच बाजूने चावतानाही स्नायू दोन्हीकडचे आवळतात. चावणाऱ्या बाजूला बराच भार दाढ पेलते. दुसऱ्या बाजूला दातांमध्ये काहीच नसते, त्यामुळे तेथील सांधा अधिक दाबला जातो. उजव्या दाढेने सुपारी फोडणाऱ्याचा डावा सांधा कुरकुरला, तर त्यात नवल नाही.

दाढेलाही धोका आहेच. कठीण तुकडा तिला अगदी थोड्या जागी टेकतो, त्यामुळे तेथे दाब प्रचंड वाढतो. इनॅमल कठीण खरे, पण ठिसूळ; पूर्वी मोठे सिमेंट भरलेल्या दाढेला तर उभी चीर जाऊ शकते. इनॅमल घडवणाऱ्या पेशी दात उगवतानाच नाहीशा झालेल्या असतात, म्हणून ही चीर हाडाच्या फ्रॅक्चरप्रमाणे भरून येत नाही.