मूल वाचू कसे लागते? अक्षर आधी की अर्थ आधी



उन्हाळा सरून शाळा उघडल्या की बडनेऱ्याच्या जुन्या वस्तीत काय आणि नव्या वस्तीत काय, लहान मुलांच्या आईवडिलांच्या मनात एकच प्रश्न असतो : आमचे लेकरू वाचायला कधी लागेल? हा प्रश्न साधा वाटतो. परंतु मुलाला वाचन कोणत्या पद्धतीने शिकवावे यावर जगभरातील शिक्षणतज्ज्ञांनी शतकानुशतके वाद घातला आहे, आणि अलीकडच्या काळात या वादाने सरकारांची धोरणेही बदलली आहेत. हा वाद नेमका काय आहे आणि आपल्या मराठी मुलांना त्यातून काय घेता येईल, हे या लेखात थोडक्यात मांडावयाचे आहे.

विषयाचे गांभीर्य लक्षात यावे म्हणून काही आकडे पाहू. ग्रामीण भारतातील मुलांच्या वाचनक्षमतेची पाहणी २००५ पासून ‘असर’ या नावाने केली जाते. तिच्या २०२४ च्या अहवालानुसार तिसरीतील केवळ २७.१ टक्के मुले दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकत होती. पाचवीत हे प्रमाण ४८.८ टक्के होते. याचा अर्थ असा की पाच वर्षे नियमितपणे शाळेत जाऊनही निम्म्याहून अधिक मुलांना दुसरीचा उतारा नीट वाचता येत नाही. ज्याला वाचता येत नाही त्याला पुढे इतिहास कळत नाही, विज्ञान कळत नाही, गणितातील शाब्दिक उदाहरणही कळत नाही. तो मंदबुद्धी नसतो. पण वर्गात मागे पडतो आणि एक दिवस शाळा सोडून देतो.

दुर्दैवाने ही उणीव घरच्यांच्या लवकर लक्षात येत नाही, कारण मुलांची स्मरणशक्ती तल्लख असते. धर्मशिक्षणाच्या वर्गात एखादे मूल पुस्तक समोर धरून ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’ ही प्रार्थना एका दमात म्हणते आणि आपण समाधान पावतो. परंतु त्याच पानावरील मधल्याच एखाद्या शब्दावर बोट ठेवून ‘हा कोणता शब्द?’ असे विचारले तर पुष्कळ मुले पुन्हा पहिल्या ओळीपासून म्हणू लागतात. ते वाचन नव्हे, पाठांतर होय.

वादाच्या दोन बाजू

पहिली बाजू म्हणते : आधी अक्षरे शिकवा. प्रत्येक चिन्हाचा ध्वनी मुलाला पक्का कळला की ते ध्वनी जोडून कोणताही शब्द वाचता येतो. आपल्याकडील मुळाक्षरे आणि बाराखडीची परंपरा याच विचाराची आहे. दुसरी बाजू म्हणते : सुट्या अक्षरांना काही अर्थ नसतो आणि अर्थाविना मुलाला गोडी लागत नाही. म्हणून ओळखीच्या शब्दांपासून, वाक्यांपासून, गोष्टींपासून सुरुवात करा. अक्षरे त्यातून मुलाला आपोआप कळतील. आपल्या अध्यापक विद्यालयांत अक्षरपद्धती, शब्दपद्धती आणि वाक्यपद्धती अशी नावे शिकविली जात आली आहेत, ती याच मतभेदातून आलेली आहेत.

अमेरिकेत हा वाद फार तीव्र झाला. १९५५ मध्ये रुडॉल्फ फ्लेश यांनी पुस्तक लिहून, शाळांनी अक्षर आणि ध्वनी यांचे शिक्षण सोडून दिल्यामुळेच मुलांना वाचता येत नाही, असा आरोप केला. १९६७ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाच्या जीन चॉल यांनी तोवरच्या संशोधनाचा आढावा घेऊन अक्षर-ध्वनीच्या पद्धतशीर शिक्षणाची बाजू उचलून धरली. त्याच वर्षी केनेथ गुडमन यांनी नेमके उलट मत मांडले. वाचन म्हणजे संदर्भावरून केलेला अंदाज आहे आणि कुशल वाचक प्रत्येक अक्षर पाहत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे अनेक प्रयोगांतून दिसून आले की अंदाजावर अवलंबून राहतो तो कच्चा वाचक. कुशल वाचक जवळजवळ प्रत्येक शब्द पाहतो, फक्त अतिशय वेगाने. २००० साली अमेरिकेतील राष्ट्रीय समितीने आणि २००६ साली इंग्लंडमध्ये जिम रोझ यांच्या अहवालाने अक्षर-ध्वनीच्या पद्धतशीर शिक्षणाची शिफारस केली. तथापि अमेरिकन समितीने केवळ तेवढ्यावर समाधान मानले नाही. ओघ, शब्दसंग्रह आणि आकलन हीदेखील वाचनाची आवश्यक अंगे आहेत, असे तिने नमूद केले.

दोन्ही बाजूंना जोडणारा गुणाकार

या वादाचा गुंता सोडविणारा एक सोपा विचार १९८६ मध्ये गॉफ आणि टनमर या संशोधकांनी मांडला. त्यांच्या मते वाचन हा दोन क्षमतांचा गुणाकार आहे : अक्षरांची उकल करता येणे आणि ती भाषा ऐकून समजणे. ही बेरीज नसून गुणाकार आहे, हे महत्त्वाचे. गुणाकारात एक अंक शून्य असेल तर उत्तरही शून्यच येते. ज्याला अक्षरे उकलत नाहीत तो भाषा कितीही जाणत असला तरी वाचू शकत नाही. आणि ज्याला अक्षरे उकलतात पण भाषा समजत नाही तो केवळ आवाज काढतो. हा गुणाकार मनात ठेवला तर पुढील सर्व गोष्टी सहज ध्यानात येतील.

इंग्रजीची अडचण वेगळी, मराठीची वेगळी

हा वाद इंग्रजीत इतका पेटला याचे एक कारण इंग्रजीच्या लेखनात आहे. ‘कॅट’, ‘केक’, ‘कार’ आणि ‘कॉल’ हे चारही शब्द इंग्रजीत सी आणि ए या त्याच दोन अक्षरांनी सुरू होतात. उच्चार मात्र चार वेगळे आहेत. २००३ मध्ये फिलिप सीमोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेरा युरोपीय भाषांतील मुलांची तुलना केली. पहिल्या वर्षाच्या अखेरीस फिनलंडची मुले जवळजवळ सर्व परिचित शब्द बिनचूक वाचत होती, तर इंग्रजी वाचणारी स्कॉटलंडची मुले जेमतेम एक तृतीयांश. मुले सारखीच होती, लेखनपद्धती निराळी होती.

या बाबतीत मराठी भाग्यवान आहे. देवनागरीत जसे लिहितो तसे बहुतांशी वाचतो. ‘चिमणी’ आणि ‘चमचा’ यांतील ‘च’चे उच्चार निराळे आहेत, पण असे अपवाद थोडे. मग आमच्या मुलांना वाचायला इतका वेळ का लागतो?

कारण आपल्या लिपीचा पसारा मोठा आहे. सुमारे ३४ व्यंजने आणि बाराखडीची १२ रूपे यांचा गुणाकार केला तर चारशेहून अधिक चिन्हे होतात. जोडाक्षरे आणखी वेगळी. त्यातही पहिली वेलांटी लिहिताना व्यंजनाच्या आधी येते, पण तिचा उच्चार नंतर होतो. ‘सूर्य’ या शब्दातील रफार ‘य’च्या डोक्यावर बसतो, उच्चार मात्र ‘य’च्या आधी होतो. सोनाली नाग यांनी कन्नड मुलांचा अभ्यास करून २००७ मध्ये दाखवून दिले की अशा लिपीतील सर्व चिन्हे आत्मसात होण्यास पहिलीचे एक वर्ष पुरत नाही. ही प्रक्रिया तिसरी-चौथीपर्यंत चालते. २०११ नंतर कर्नाटकातील यादगीर आणि आपल्या राज्यातील वाडा तालुक्यात झालेल्या दीर्घ अभ्यासातही, तिसरीपर्यंत पोहोचलेली पुष्कळ मुले काना-मात्रांतच अडखळत असल्याचे आढळले.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. बाराखडी वाईट नाही, परंतु तिचा क्रम मुलाला अर्थापासून दूर ठेवतो. ‘अ’पासून ‘ज्ञ’पर्यंत सर्व मुळाक्षरे घोटून मग बाराखडीला हात घालावयाचा, असे केले तर कित्येक महिने मुलाच्या हाती वाचण्याजोगा शब्दच येत नाही. त्याऐवजी क, म, न, र, त ही पाचच अक्षरे आणि सोबत काना शिकविला तर? मूल पहिल्याच महिन्यात काका, मामा, नाक, कान, काम, मका, तार असे स्वतःचे शब्द वाचू लागते. अक्षरही पक्के होते आणि अर्थही हाती येतो.

फलटणचा धडा

महाराष्ट्रात या विचाराला रूप देणाऱ्यांत मॅक्सिन बर्नसन यांचे नाव आदराने घ्यावे लागते. जन्माने अमेरिकन असलेल्या या भाषाभ्यासक बाई फलटणला आल्या, मराठी झाल्या आणि १९८४ मध्ये त्यांनी तेथे प्रगत शिक्षण संस्था स्थापन केली. वस्तीतील गरीब मुले शाळेत जाऊनही का वाचत नाहीत, हा त्यांच्यापुढील प्रश्न होता. अक्षरांचे निवडक गट, त्यांतून लगेच शब्द आणि वाक्ये, आणि त्याचबरोबर भरपूर गोष्टी व गप्पा, अशी सांगड या संस्थेने घातली. अक्षर की अर्थ, या भांडणात त्यांनी कोणाचाच पक्ष घेतला नाही. दोन्ही एकाच दिवशी, एकाच वर्गात शिकविले.

वऱ्हाडी, कोरकू आणि पुस्तकी मराठी

आता आपल्या भागाकडे वळू. वऱ्हाडातील लेकरू घरी ‘शाया’ म्हणते, ‘डोया’ म्हणते, ‘फय’ म्हणते. पुस्तकात मात्र शाळा, डोळा आणि फळ असे छापलेले असते. अशा मुलाने ‘फळ’ हा शब्द पाहून ‘फय’ असे म्हटले तर त्याने चूक केली का? वस्तुतः त्याने शब्द ओळखला, अर्थही जाणला; फक्त आपल्या आईच्या उच्चारात सांगितला. येथे त्याला हसणे किंवा रागावणे म्हणजे गुणाकारातील चांगला अंक पुसून टाकणे होय. ‘बरोबर, आपण घरी फय म्हणतो, पुस्तकात फळ लिहितात,’ एवढे सांगितले की पुरे. बोलीचा मान राहतो आणि ‘ळ’ हे अक्षरही शिकविले जाते.

मेळघाटात प्रश्न याहून बिकट आहे. धारणी आणि चिखलदरा तालुक्यांतील कोरकू मुलांची घरची भाषा मराठीची बोली नाही. ती मुंडा कुळातील, संथाली-मुंडारीच्या नात्यातील स्वतंत्र भाषा आहे. अशा मुलाला ‘कमळ’ हा शब्द बिनचूक उकलता आला तरी त्याच्या डोळ्यांपुढे काहीच उभे राहत नाही. त्याला मराठी बोलणे आणि ऐकणे आधी हवे, आणि त्यासाठी त्याच्या कोरकूचा आधार हवा. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत घरची भाषा हेच माध्यम असावे असे म्हटले आहे, त्यामागे हाच विचार आहे. २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानाने २०२६-२७ पर्यंत प्रत्येक मुलाला तिसरीअखेर समजून वाचता यावे, असे उद्दिष्ट ठेवले. त्यातील ‘समजून’ हा शब्द अशा मुलांसाठी सर्वांत मोलाचा आहे.

इंग्रजी माध्यमात घातलेल्या आपल्या मुलांनाही हाच नियम लागू आहे. घरी वऱ्हाडी किंवा हिंदी, आणि पहिले वाचन इंग्रजीचे, असे असेल तर कठीण लेखन आणि अपरिचित भाषा ही दोन्ही ओझी मूल एकदम उचलते. अशा मुलाला घरी मराठी वाचन जरूर शिकवावे. चिन्हातून ध्वनी आणि ध्वनीतून शब्द ही युक्ती एका भाषेत उमगली की दुसऱ्या भाषेतही ती कामी येते.

आपल्या घरी काय करता येईल?

यासाठी आईवडिलांनी पदवीधर असण्याची गरज नाही. पुढील गोष्टी कोणत्याही घरात शक्य आहेत :

१. दररोज दहा मिनिटे मुलाला जवळ घेऊन मोठ्याने गोष्ट वाचून दाखवावी व शब्दांखाली बोट फिरवावे. स्वतःला वाचता येत नसेल तर गोष्ट तोंडी सांगावी. आजीची कहाणीही शब्दसंग्रह वाढविते.

२. मुलाला पाठ असलेला मजकूर नव्हे, तर नवा मजकूर वाचावयास द्यावा. दुकानाची पाटी, बडनेरा स्थानकावरील फलक, किराणा मालाची यादी हे उत्तम धडे आहेत.

३. चित्र पाहून अंदाज करणाऱ्या मुलाला हळूच अक्षरांकडे वळवावे : ‘येथे कोणते अक्षर आहे? त्याला काना आहे की वेलांटी?’

४. वाचून झाल्यावर ‘काय कळले?’ असे विचारावे व मुलाला स्वतःच्या बोलीत सांगू द्यावे.

५. नियमित सराव करूनही दुसरी-तिसरीतील मूल सतत अडखळत असेल तर त्याला ‘ढ’ म्हणू नये. डिस्लेक्सियासारखी अडचण असू शकते. शिक्षकांशी बोलून तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.

आपल्या धर्मग्रामातील तरुणांनी आणि निवृत्त शिक्षकांनी आठवड्यातून एक तास चार मुलांना जवळ बसविले तरी मोठे काम होईल. तेथे पाठांतर घेऊ नये, वाचन घ्यावे. अक्षर आणि अर्थ हे मुलाचे दोन पाय आहेत. कोणता पाय आधी उचलावा यावर मोठ्यांनी वाद घालत बसावे आणि मुलाने मात्र उंबरठ्यावरच उभे राहावे, असे आपल्या एकाही घरात होऊ नये.