चार ते वीसच्या मधली रेघ

पालघर जिल्ह्यातल्या कासा गावाजवळून वाहणाऱ्या सूर्या नदीवर वरच्या अंगाला धामणीचं धरण आहे, त्याखाली कवडासचा बंधारा. याच पाण्यावर मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची (एमएमआरडीए) दिवसाला 403 दशलक्ष लिटरची योजना उभी राहिली. सूर्यानगरला शुद्ध होणारं पाणी 2023 च्या अखेरीपासून वसई-विरारकडे जाऊ लागलं. एवढा पसारा नुसत्या डोळ्यांनी सांभाळता येत नाही. अशा केंद्रांत टाकीची पातळी, गढूळपणा, क्लोरिन, जलवाहिनीतला दाब हे सगळं उपकरणं मोजतात आणि पीएलसी हा औद्योगिक संगणक प्रत्येक आकडा ठरवून दिलेल्या सेटपॉइंटशी ताडून पाहतो. मर्यादा ओलांडली की अलार्म, आणखी पुढे गेलं की पंप ट्रिप, म्हणजे आपोआप बंद.

पाच मीटर खोलीची टाकी घेऊ. टाकी रिकामी असताना पातळी मोजणारा ट्रान्समीटर 4 मिलिअँपिअर विद्युतप्रवाह पाठवतो, भरल्यावर 20. अडीच मीटरला 12. सीमेन्सच्या पीएलसीत या पट्ट्याचे 0 ते 27648 असे आकडे होतात. म्हणजे चार मीटरचा अलार्म लावायचा तर तुलना 22118 शी. प्रवाहाची सुरुवात शून्याऐवजी चारापासून का? तार तुटली की प्रवाह शून्य होतो. शून्यालाच ‘रिकामी’ म्हटलं असतं, तर तुटलेल्या तारेच्या भरवशावर पंप टाकी भरतच राहिला असता. म्हणून 3.6 पेक्षा कमी किंवा 21 पेक्षा जास्त प्रवाह आला, तर तो पातळीचा आकडा न मानता उपकरणातला बिघाड मानायची पद्धत आहे.

तुलना सोपी असली तरी पाणी स्थिर नसतं. पंप चार मीटरला बंद व्हायचा असेल, तर त्या रेषेवर लाटा उठल्या की तो चालू-बंद, चालू-बंद होत राहतो. दर वेळी सुरू होताना मोटर नेहमीच्या कित्येक पट प्रवाह ओढते आणि तापते. त्यावर उपाय म्हणजे दोन रेषा: चार मीटरला बंद, साडेतीनला पुन्हा चालू. मधल्या अंतराला हिस्टेरिसिस म्हणतात. शिवाय काही सेकंदांचा डिले ठेवला, की क्षणिक उसळीवर यंत्रणा दचकत नाही.

खरा प्रश्न रेघ कुठे मारायची हा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस 10500 मध्ये, गढूळपणाची स्वीकार्य मर्यादा 1 एनटीयू (गढूळपणा मोजायचं एकक) आहे. अलार्म नेमका एकावर लावला, तर तो वाजेल तेव्हा पाणी मर्यादेवर पोचलेलं असेल. टाकीचंही तसंच. पातळी मिनिटाला दोन सेंटिमीटर चढत असेल आणि ऑपरेटरला व्हॉल्व्हपर्यंत पोचून तो बंद करायला दहा मिनिटं लागत असतील, तर अलार्म काठाच्या किमान वीस सेंटिमीटर खाली हवा. सेटपॉइंट लिहिला जातो मीटरमध्ये, पण ठरतो मिनिटांवर.

आणि मोजणाराच चुकला तर? 11 डिसेंबर 2005 ला इंग्लंडमधल्या बन्सफिल्डच्या इंधन डेपोत टाकी भरताना पातळीमापक एकाच आकड्यावर अडकला. पेट्रोल चढत राहिलं, आकडा मर्यादेखालीच राहिला, अलार्म वाजलाच नाही. पातळी फार चढल्यास भरणं थांबवणारा वेगळा स्विचही निकामी होता. टाकी ओसंडली आणि प्रचंड स्फोट झाला. तुलना अचूक होती, तुलनेला आलेला आकडा खोटा होता. म्हणून भरणं चालू असताना पातळी हलतच नसेल, तर त्याचाही अलार्म हवा.

जिथे चूक परवडत नाही तिथे एकाच मापकावर विसंबत नाहीत. पालघर जिल्ह्यातच, तारापूरला, 2005 आणि 2006 साली सुरू झालेल्या 540 मेगावॉटच्या अणुभट्ट्यांत दोन स्वतंत्र बंद-यंत्रणा आहेत. अशा संरक्षण-यंत्रणांत तीन मार्गांनी मोजमाप होतं आणि तिनांतल्या दोघांनी मर्यादा ओलांडल्याचं सांगितलं की भट्टी बंद. एक मापक बिघडून खोटी हाकाटी करू लागला तर काम थांबत नाही, आणि एक मुका झाला तरी संरक्षण सुटत नाही.

मात्र अलार्म वाढवत नेले म्हणजे सुरक्षा वाढत नाही. 1994 मध्ये वेल्समधल्या मिलफर्ड हेवनच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात स्फोटाआधीच्या जवळपास अकरा मिनिटांत 275 अलार्म वाजले. त्यांतला महत्त्वाचा कोणता हे ओळखायला कुणाला सवडच नव्हती. म्हणून प्रत्येक सेटपॉइंटसमोर तीन गोष्टी लिहिलेल्या असाव्यात: तो आकडा कशासाठी, वाजल्यावर कुणी काय करायचं, आणि त्यासाठी हाताशी किती मिनिटं आहेत. यांतलं एक जरी उत्तर देता येत नसेल, तर तो अलार्म यादीत ठेवू नये.