चिकन, फ्रिज आणि नाकावरचा भरवसा

रविवारी सकाळी दुकानातून आणलेली काळी पिशवी गाठ न सोडता तशीच फ्रिजच्या मधल्या कप्प्यात जाते. दुपारी ती उचलली की जाळीवर गुलाबी पाण्याचा डाग दिसतो आणि खालच्या कप्प्यातल्या कोथिंबिरीच्या जुडीवर दोन-चार थेंब पडलेले असतात. डाग पुसला जातो. कोथिंबीर मात्र चिरून कोशिंबिरीवर पडते, कारण तिला काही झालंय असं दिसत नाही. चिकनचा रस्सा चांगला रटरटून शिजलेला असतो, त्यातले जिवाणू मेलेले असतात. पोट बिघडवतात ते कोशिंबिरीतून गेलेले.

त्या गुलाबी पाण्याला घरोघरी ‘रक्त’ म्हणतात. कोंबडी कापल्यावर बहुतेक रक्त तिथेच वाहून जातं. पिशवीत उतरतं ते मुख्यतः मांसातलं पाणी आणि त्यात मिसळलेलं मायोग्लोबिन नावाचं तांबूस प्रथिन. पण रक्त म्हटलं की ते धुऊन काढायची घाई होते, आणि इथून सगळ्यात पक्का गैरसमज सुरू होतो: नळाखाली तीन पाण्यांनी खळखळून धुतलं की चिकन स्वच्छ झालं.

अमेरिकेच्या कृषी खात्याने २०१९ मध्ये याबद्दलच्या पाहणीचे निष्कर्ष जाहीर केले. लोकांना स्वयंपाकघरात चिकन शिजवायला आणि सोबत सॅलड करायला सांगितलं होतं. ज्यांनी चिकन धुतलं, त्यांच्यापैकी ६० टक्के लोकांच्या सिंकमध्ये नंतर जिवाणू सापडले. २६ टक्के लोकांच्या सॅलडच्या पानांपर्यंत ते पोहोचले होते. ज्यांनी धुतलंच नाही, त्यांच्यातही ३१ टक्के लोकांच्या सॅलडमध्ये जिवाणू आढळले. हा आकडा जास्त विचार करायला लावतो. तिथे दोष बहुधा हातांचा: चिकन हाताळल्यावर साबणाने नीट न धुतलेले हात.

महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत न धुतलेलं चिकन पातेल्यात घालायची कल्पनाच सहन होणार नाही. दुकानातल्या लाकडी ओंडक्यावर तुकडे करून मिळालेल्या चिकनवर पिसाचा तुकडा किंवा हाडाचा चुरा असतो, तो काढावाच लागतो. मग तो बेताने काढावा. कोशिंबीर आधी करून झाकून ठेवावी, सिंकमधली भांडी उचलावी आणि पातेल्यात पाणी घेऊन तुकडे हलक्या हाताने हलवावेत. नळाची धार जितकी उंचावरून पडेल, तितके शिंतोडे लांब उडतात. नंतर सिंक, ओटा आणि हात साबणाने घासावेत. हळद-मीठ चोळल्याने किंवा लिंबू पिळल्याने चव येते, मांस मुरतं, पण जिवाणूंपासून सुटका होत नाही. दही-मसाला लावलेलं चिकनही फ्रिजमध्येच मुरवायला हवं.

दुसरा भरवसा नाकावर. ‘वास येत नाही ना, मग चांगलं आहे.’ चिकन नासवून दुर्गंधी आणणारे जिवाणू वेगळे आणि माणसाला आजारी पाडणारे वेगळे. स्यूडोमोनास जातीचे जिवाणू फ्रिजच्या थंडीतही वाढतात, मांस बुळबुळीत करतात आणि वास मारायला लावतात. साल्मोनेला किंवा कॅम्पिलोबॅक्टर असलेलं चिकन मात्र अगदी ताजं दिसू शकतं. २०२५च्या जानेवारीत पुण्यात, विशेषतः सिंहगड रस्त्याच्या परिसरात, गुइलेन-बॅरे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले, तेव्हा काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला. मुख्य संशय दूषित पाण्यावर होता. पण हा जिवाणू कोंबडीच्या आतड्यात सहज राहतो, त्यामुळे चिकनबद्दलही भीती पसरली. तीस अंशांच्या खाली तो वाढत नाही, पण थंडीत तग धरतो आणि काहीशे जिवाणूही आजारी पाडायला पुरतात. म्हणून चिकन किती तास ठेवलं याच्याइतकंच त्याचं पाणी कुठे गळलं याला महत्त्व आहे.

साल्मोनेलाचं गणित तासांचं. ४ ते ६० अंश सेल्सिअस हा जिवाणूंच्या वाढीचा टापू. कच्चं चिकन बाहेर जास्तीत जास्त दोन तास ठेवावं, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. विदर्भात किंवा मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यात दुकान ते घर या प्रवासातच त्यातला बराच वेळ जातो. ‘समोर कापून आणलंय, ताजं आहे’ म्हणून ते ओट्यावर दुपारपर्यंत ठेवणं म्हणूनच चूक. फ्रिजमध्ये गेलं म्हणजे शिळं झालं, हेही खरं नाही. कापल्यावर मांस काही तास ताठरतं आणि थंडीत विसावल्यावर मऊ पडतं.

घट्ट झाकणाच्या खोलगट डब्यात, सगळ्यात खालच्या कप्प्यात, ४ अंशांवर कच्चं चिकन एक-दोन दिवस राहतं. दारातले कप्पे सगळ्यात उबदार, तिथे ते ठेवू नये. फ्रिज खरंच किती थंड आहे हे पाहायचं तर पाण्याच्या पेल्यात फ्रिजचा थर्मामीटर रात्रभर ठेवावा.

फ्रीझरने जिवाणू मरतात, हा समजही खूप रुजलेला. सगळे मरत नाहीत, उरलेले फक्त थांबतात. उणे १८ अंशांवर चिकनचे तुकडे नऊ महिने आणि अख्खी कोंबडी वर्षभर चांगली राहते, पण बर्फ वितळला की जिवाणू पुन्हा कामाला लागतात. सकाळी ओट्यावर काढून ठेवलेल्या गोळ्याचा बाहेरचा थर खोलीइतका गरम होतो, तेव्हा मध्ये अजून दगड असतो. त्यापेक्षा आदल्या रात्री ते फ्रिजमध्ये खाली काढून ठेवावं. घाई असेल तर बंद पिशवीतच गार पाण्यात बुडवावं, दर अर्ध्या तासाने पाणी बदलावं आणि लगेच शिजवावं. जिवाणू मरतात ते शिजवताना, तुकड्याच्या आत ७४ अंश पोहोचल्यावर. फ्रिजमध्ये वितळलेलं चिकन पुन्हा गोठवलं तर विष होत नाही, थोडं पाणचट आणि चोथट लागतं इतकंच.

वीज गेली तर दार उघडू नये. बंद फ्रिज साधारण चार तास थंडी धरतो, भरलेला फ्रीझर ४८ तास आणि अर्धा भरलेला २४ तास. वीज आल्यावर तुकड्यांमध्ये बर्फाचे कण अजून हाताला लागत असतील तर ते पुन्हा गोठवता येतात. चार अंशांच्या वर दोन तासांहून जास्त राहिलेलं चिकन, वास कितीही चांगला असला तरी, टाकून द्यावं.