अजिंठ्याच्या चित्रांतील रिकाम्या जागा

अजिंठ्याची भित्तिचित्रे ओल्या चुन्यावर काढलेली नाहीत. खडकावर माती, भाताचे तूस आणि वनस्पतींचे तंतू कालवून केलेला गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात आणि तो वाळल्यावर सरसात कालवलेले रंग, अशी त्यांची घडण. दमट हवेने आणि किड्यांनी गिलावाच पोखरला, की चित्र पोपड्यासकट गळून पडते. माणसांनीही भर घातली. नक्कल करताना रंग उठून दिसावेत म्हणून एकोणिसाव्या शतकात चित्रांवर वार्निश फासले गेले. १९२०-२२ मध्ये निजाम सरकारने बोलावलेल्या लोरेन्झो चेक्कोनी या इटालियन तज्ज्ञाने सुटे रंग धरून ठेवण्यासाठी लाख वापरली. रंग टिकले, पण लाख पिवळी पडून मूळच्या छटा तिच्याखाली दबल्या.

गळालेल्या जागा संगणकावर भरण्याच्या तंत्राचा, म्हणजे डिजिटल इनपेंटिंगचा, मोठा फायदा इथेच आहे. दुरुस्ती छायाचित्रावर होते, भिंतीला बोटही लागत नाही. नाशिकचे छायाचित्रकार प्रसाद पवार यांनी अजिंठ्याची चित्रे टिपून गळालेले भाग संगणकावर पूर्ण करण्याचे काम केले, तेही याच वाटेने.

पहिली पायरी म्हणजे नुकसान झालेले पिक्सेल निवडणे. ती वाटते तितकी यांत्रिक नाही. काळा ठिपका काजळीचा डाग आहे की चित्रकाराने काजळीनेच ओढलेल्या रेषेचा उरलेला तुकडा, हे जाणकारालाच ठरवावे लागते. मग भरणी. बेर्तालमिओ, सापिरो आणि सहकाऱ्यांनी २००० साली मांडलेल्या पद्धतीत कडेला येऊन थांबलेल्या रेषा आणि छटा हळूहळू आत वाढवल्या जातात. बारीक तड्यांना ती उत्तम. मोठ्या खड्ड्यात मात्र धुरकट रंग उरतो. २००४ च्या सुमारास क्रिमिनिसी आणि सहकाऱ्यांनी चित्रातल्याच मिळत्याजुळत्या भागाचे ठिगळ उचलून लावण्याची रीत दिली. पानाफुलांच्या नक्षीला ती चालते. मोत्यांच्या सरावरून तडा गेला असेल तर शेजारचे मोती उपयोगी पडतात. पण डोळाच गळाला असेल तर शेजारी गाल असतो, आणि गालावरून डोळा कळत नाही. हजारो चित्रांवर शिकवलेले न्यूरल नेटवर्क तिथे डोळा काढून देते खरे. तो अजिंठ्याचा असेल याची हमी नसते.

अशा जागी जुना पुरावाच कामी येतो. रॉबर्ट गिलने १८४४ पासून काढलेल्या बहुतेक प्रती १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांकडून १८७२ ते १८८५ या काळात पुन्हा प्रती करवून घेतल्या. त्यांतल्याही शंभराहून अधिक लंडनमध्येच आगीत सापडल्या. जळण्यासाठीच पाठवल्या की काय, असे वाटावे. तरी वाचलेल्या प्रती आणि गुलाम याझदानी यांच्या १९३० पासून निघालेल्या ग्रंथांतील छायाचित्रे यांत आज भिंतीवर नसलेले तपशील सापडतात. प्रतीवर नक्कल करणाऱ्याचा हात असतोच, त्यामुळे आकृती प्रतीवरून आणि रंग भिंतीवरच्या उरलेल्या कणांवरून घेणे बरे.

इटलीतील पाडुआ येथे १९४४ च्या बॉम्बहल्ल्यात मान्तेन्या या चित्रकाराच्या भित्तिचित्रांचे हजारो तुकडे झाले. तिथेही गणितज्ञांनी जुन्या कृष्णधवल छायाचित्रांवरून तुकड्यांच्या जागा शोधल्या आणि तुकड्यांवरच्या रंगांवरून उरलेल्या भागाचे रंग गणिताने काढले.

भरलेला भाग ओळखू यावा, हा जुना संकेत आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर रोमच्या संवर्धन संस्थेत चेझारे ब्रांदी यांच्या विचारातून बारीक उभ्या रेघांनी जागा भरण्याची रीत रुजली. लांबून चित्र अखंड दिसते, जवळून रेघा दिसतात. संगणकावर हे त्याहून सोपे आहे. भरणीचा थर वेगळा ठेवला, की तो हवा तेव्हा बंद करता येतो. म्हणून पूर्ण केलेल्या चित्रासोबत मूळ छायाचित्र आणि भरलेल्या जागांचा नकाशाही जपावा लागतो.