एल्फिन्स्टन : एका गावाचे आडनाव, एका आडनावाची गावे

मुंबईच्या पश्चिम रेल्वेवरील 'एल्फिन्स्टन रोड' हे स्थानक जुलै २०१८ मध्ये 'प्रभादेवी' झाले. फोर्टमधील 'एल्फिन्स्टन सर्कल'चे स्वातंत्र्यानंतर 'हॉर्निमन सर्कल' झाले होते. काळा घोड्याजवळच्या महाविद्यालयावर मात्र हे नाव अजून टिकून आहे. पिढ्यान्‌पिढ्या मुंबईकरांच्या तोंडी बसलेले हे नाव मुळात कोणा साहेबाचे नव्हे, तर स्कॉटलंडमधील एका लहानशा गावाचे आहे, हे फारच थोड्यांना ठाऊक असते. ज्या देशात हे आडनाव जन्मले, तेथेही ते विरळाच आढळते. स्मिथ, ब्राऊन, विल्सन किंवा मॅकडोनल्ड ही आडनावे स्कॉटलंडमध्ये पावलोपावली भेटतात. एल्फिन्स्टन क्वचितच भेटतो. माणसांत एवढे दुर्मीळ असलेले हे नाव जगाच्या नकाशावर मात्र कॅनडापासून म्यानमारपर्यंत विखुरलेले आहे. या विसंगतीचे उत्तर त्या नावाच्या आठशे वर्षांच्या प्रवासात दडलेले आहे.

नावात 'दगड' नाही

एडिनबरोच्या पूर्वेस ईस्ट लोदियन नावाचा सुपीक परगणा आहे. तेथील ट्रॅनेंट या गावाजवळ एल्फिन्स्टन हे छोटे खेडे वसले आहे. इंग्रजी वर्णलेखनाकडे पाहिले, तर या नावाच्या शेवटी 'स्टोन' म्हणजे दगड असावा असा समज होतो. प्रत्यक्षात दगडाचा येथे काहीही संबंध नाही. तेराव्या शतकातील दस्तऐवजांत हे नाव 'एल्फिन्स्टून'सारख्या रूपात येते. त्याची फोड 'एल्फिन'चे 'टून' अशी होते. 'टून' म्हणजे जुन्या इंग्रजी भाषेत शेतवाडी किंवा वस्ती. मधला 'स' हा षष्ठीचा प्रत्यय. थोडक्यात, एल्फिन नावाच्या कोणा माणसाची वाडी. हा एल्फिन म्हणजे 'आल्फविन' या जुन्या व्यक्तिनामाचे झिजलेले रूप असावे, असे मानले जाते. तसे असेल, तर त्या नावाचा अर्थ 'यक्षमित्र' असा काहीसा होईल.

जॉन्स्टन म्हणजे जॉनची वाडी आणि लिव्हिंग्स्टन म्हणजे लेव्हिंगची वाडी, ही स्कॉटिश आडनावेही याच घडणीची आहेत. शेवटी 'टून'चे 'टन' झाले आणि लेखनिकांनी आपल्या मर्जीप्रमाणे त्याला 'ई' जोडून 'स्टोन'चा आभास निर्माण केला. गंमत अशी, की मराठीत आपण 'एल्फिन्स्टन' असे जे लिहितो आणि बोलतो, ते इंग्रजी वर्णलेखनापेक्षा मूळ शब्दाच्या अधिक जवळचे आहे.

या आडनावाच्याच एका विद्वानाला अशा फसव्या वर्णलेखनाचा मोठा राग होता. एडिनबरोत जन्मलेले जेम्स एल्फिन्स्टन (१७२१-१८०९) हे शिक्षक आणि डॉ. सॅम्युएल जॉन्सन यांचे स्नेही. इंग्रजी शब्द उच्चाराप्रमाणे लिहिले जावेत, यासाठी त्यांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ग्रंथ लिहिले, स्वतःची लेखनपद्धती तयार केली. ती कोणी स्वीकारली नाही. आपले आडनाव मात्र ते शेवटच्या 'ई'वाचूनच लिहीत.

गावावरून माणूस

स्कॉटलंडमधील आडनावे ढोबळमानाने चार प्रकारांची आहेत. बापाच्या किंवा पूर्वजाच्या नावावरून पडलेली, धंद्यावरून पडलेली, शरीराच्या किंवा स्वभावाच्या खुणेवरून पडलेली, आणि जमिनीवरून पडलेली. 'मॅक'ने सुरू होणारी आडनावे पहिल्या प्रकारची, स्मिथ दुसऱ्या, ब्राऊन तिसऱ्या आणि एल्फिन्स्टन चौथ्या प्रकारचे.

आपल्याकडील 'कर'कारान्त आडनावांशी या चौथ्या प्रकाराचे साम्य लगेच जाणवते. मात्र एक महत्त्वाचा फरक आहे. आपल्याकडे गाव सोडून दुसरीकडे गेलेल्या माणसालाही गावाच्या नावाने ओळखले जाई. त्या गावाची मालकी त्याच्याकडे असण्याचे कारण नव्हते. मध्ययुगीन स्कॉटलंडमधील लॅटिन सनदांत मात्र 'अमुक गावचा' असा उल्लेख येतो, तेव्हा बहुधा त्या जमिनीचा धनी अभिप्रेत असतो. जमीन मिळाली, की नाव मिळे. तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात 'एल्फिन्स्टनचा' अशी ओळख सांगणारी माणसे कागदोपत्री दिसू लागतात आणि पुढे हीच ओळख वंशपरंपरेने चालू राहून तिचे आडनाव होते.

जर्मनीतील हेल्फेनस्टाईन नावाच्या सरदार घराण्यातून कोणी शूर पुरुष स्कॉटलंडला आला आणि त्याच्यावरून गावाला नाव पडले, अशी एक दंतकथा सांगितली जाते. मोठ्या घराण्यांना परदेशी पूर्वज हवेसे वाटतात, हा अनुभव सार्वत्रिक आहे. परंतु गावाच्या नावाची फोड जुन्या इंग्रजीतून सरळ लागत असताना जर्मनीपर्यंत जाण्याची गरज उरत नाही.

गाव एकाकडे, नाव दुसऱ्याकडे

या कथेतील सर्वांत रंजक वळण पंधराव्या शतकात येते. इंग्रजांविरुद्धच्या एका सीमेवरील लढाईत घराण्याचे प्रमुख अलेक्झांडर एल्फिन्स्टन मारले गेले. त्यांना मुलगा नव्हता, मुलगी होती. वारसा मुलीकडे जावा की पुरुष भाऊबंदाकडे, असा वाद उभा राहिला. आपल्या वतनाच्या तंट्यांप्रमाणेच तो दीर्घकाळ चालला. अखेर वाटणी झाली. ईस्ट लोदियनमधील मूळ गाव मुलीकडे आणि पर्यायाने तिच्या पतीच्या जॉन्स्टन घराण्याकडे गेले. स्टर्लिंगशायरमधील एअर्थजवळच्या जमिनी पुरुष वारसाकडे राहिल्या.

म्हणजे ज्या गावाने आडनाव दिले, त्या गावात आता जॉन्स्टन नांदू लागले आणि एल्फिन्स्टन दूर फोर्थ नदीकाठी गेले. तेथे त्यांनी आपल्या नव्या जहागिरीला पुन्हा 'एल्फिन्स्टन' हेच नाव दिले. गावाने माणसाला नाव दिले होते. आता माणसाने गावाला नाव दिले. हा उलटा प्रवास पुढे सातासमुद्रापार होत राहिला.

१५१० मध्ये या शाखेचे प्रमुख 'लॉर्ड एल्फिन्स्टन' झाले. पहिले लॉर्ड १५१३ मध्ये फ्लॉडनच्या रणांगणावर, तर दुसरे १५४७ मध्ये पिंकीच्या लढाईत इंग्रजांविरुद्ध लढताना पडले. स्टर्लिंगशायरची जहागीरही १७५४ मध्ये डनमोरच्या उमरावाला विकली गेली. ईस्ट लोदियनमधील मूळ गावाजवळचा पंधराव्या शतकातील मनोरा खालून कोळशाच्या खाणी गेल्यामुळे खचला आणि १९५५ मध्ये त्याचा बराचसा भाग पाडावा लागला.

उत्तरेकडे पसरलेल्या फांद्या

आडनाव स्कॉटलंडमध्ये कोठे कोठे गेले, हे पाहिले तर ते जमिनी, पदे आणि विवाह यांच्या वाटेने गेलेले दिसते. ईशान्येकडील ॲबर्डीनशायरमध्ये लोगी एल्फिन्स्टन ही शाखा रुजली. इन्व्हरुरी शहराजवळ १८०५ मध्ये कालवा सुरू झाला, तेव्हा त्याच्या टोकाशी वसलेल्या वस्तीला या शाखेवरून 'पोर्ट एल्फिन्स्टन' असे नाव मिळाले. अगदी उत्तरेस ऑर्कनी बेटांवरही एक शाखा होती. याच काळात जॉन एल्फिन्स्टन नावाचे नौदल अधिकारी रशियाच्या सेवेत गेले आणि १७७० मध्ये तुर्की आरमाराविरुद्धच्या चेस्मेच्या युद्धात त्यांनी भाग घेतला.

घराण्याच्या बाल्मेरिनो शाखेचा शेवट शोकात्म झाला. सहावे लॉर्ड बाल्मेरिनो आर्थर एल्फिन्स्टन यांनी स्टुअर्ट राजवंशाच्या बाजूने बंड केले आणि १७४६ मध्ये लंडनच्या टॉवर हिलवर त्यांचा शिरच्छेद झाला.

ॲबर्डीनमध्ये हे नाव आदराने घेतले जाते, ते मात्र एका धर्मगुरूमुळे. बिशप विल्यम एल्फिन्स्टन (१४३१-१५१४) यांनी १४९५ मध्ये तेथील विद्यापीठाची स्थापना केली. स्कॉटलंडमध्ये मुद्रणकला आणण्यातही त्यांचा वाटा मोठा होता. विद्यापीठाच्या पाचशेव्या वर्षी, १९९५ मध्ये, तेथे लोकसंस्कृतीच्या अभ्यासासाठी 'एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूट' सुरू करण्यात आली.

मुंबईचे दोन एल्फिन्स्टन

मराठी वाचकाला परिचित असलेले माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन (१७७९-१८५९) हे अकराव्या लॉर्ड एल्फिन्स्टन यांचे चौथे चिरंजीव. धाकट्या मुलाला जहागीर मिळत नसे. त्याने सैन्य, चर्च किंवा कंपनीची नोकरी धरावी, अशी रीत होती. ते १७९६ मध्ये हिंदुस्थानात आले, १८११ मध्ये पेशव्यांच्या दरबारी पुण्यात रेसिडेंट झाले. ५ नोव्हेंबर १८१७ च्या खडकीच्या लढाईच्या वेळी संगमावरील त्यांचे निवासस्थान ग्रंथसंग्रहासह जळाले. पेशवाई बुडाल्यानंतर १८१९ ते १८२७ या काळात ते मुंबईचे गव्हर्नर होते. ते परतले, तेव्हा मुंबईकरांनी त्यांच्या स्मरणार्थ वर्गणी जमवली आणि त्यातून त्यांच्या नावाची शिक्षणसंस्था उभी राहिली. 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर आणि दादाभाई नौरोजी यांनी तेथे अध्यापन केले.

दुसरे एल्फिन्स्टन म्हणजे त्यांचे पुतणे जॉन, तेरावे लॉर्ड. ते आधी मद्रासचे आणि १८५३ ते १८६० या काळात मुंबईचे गव्हर्नर होते. १८५७ च्या उठावाच्या वेळी मुंबईचा कारभार त्यांच्याच हाती होता. रेल्वेस्थानक आणि सर्कल यांना मिळालेले नाव या पुतण्याचे, तर महाविद्यालयाचे नाव काकांचे. त्यांचेच एक आप्त, जनरल विल्यम एल्फिन्स्टन, १८४२ मध्ये काबूलहून माघार घेताना झालेल्या भीषण संहारासाठी इतिहासात कुप्रसिद्ध आहेत.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. माउंटस्टुअर्ट आणि जॉन हे दोघेही अविवाहित राहिले. बिशप विल्यम तर धर्मगुरूच होते. हे नाव ज्यांनी सर्वांत दूर पोहोचवले, त्यांनी ते पुढच्या पिढीकडे सोपवलेच नाही.

नकाशावर विपुल, माणसांत विरळ

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियात माउंट एल्फिन्स्टन आहे, मॅनिटोबा प्रांतात एल्फिन्स्टन नावाचे गाव आहे. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरियात, कॅसलमेनजवळ आणखी एक एल्फिन्स्टन आहे. ओमानच्या मुसंदम द्वीपकल्पातील एका खाडीला इंग्रजांनी एल्फिन्स्टन इनलेट म्हटले. म्यानमारच्या मर्ग्वी द्वीपसमूहात एल्फिन्स्टन बेट होते. इजिप्तच्या मार्सा आलमजवळील एल्फिन्स्टन प्रवाळभिंत आजही पाणबुड्यांमध्ये प्रसिद्ध आहे. नौदलाचे कप्तान, सर्वेक्षक आणि गव्हर्नर यांच्या लेखण्यांनी हे नाव नकाशावर पसरवले. त्या ठिकाणी या आडनावाची माणसे राहत होती, असा त्याचा अर्थ नव्हे.

माणसांत ते विरळ राहण्याची कारणे साधी आहेत. लोहाराचा धंदा गावोगावी होता, म्हणून स्मिथ गावोगावी स्वतंत्रपणे जन्मले. डोनल्ड नावाचे पुरुष अनेक होते. एल्फिन्स्टन हे नाव मात्र एकाच खेड्यातून निघाले आणि प्रामुख्याने एकाच घराण्याच्या आधाराने वाढले. पुरुष वारस संपला, की एक फांदी वाळे. ती टिकवण्यासाठी जावयाने किंवा भाच्याने जहागिरीबरोबर आडनावही घ्यावे, अशी अट वारसापत्रात असे. 'डॅलरिंपल-हॉर्न-एल्फिन्स्टन' किंवा 'बुलर-फुलर्टन-एल्फिन्स्टन' अशी लांबलचक आडनावे त्यातूनच झाली.

आडनाव म्हणजे रक्ताचे नाते नव्हे

कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड येथील या आडनावाच्या कुटुंबांना आपण लॉर्ड घराण्याचे वंशज आहोत, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु जमिनीवरून पडलेले आडनाव जमिनीचा पत्ता सांगते, रक्ताची ग्वाही देत नाही. धन्याचे आडनाव त्याच्या कुळांनी आणि नोकरांनीही घेतल्याची उदाहरणे स्कॉटलंडमध्ये पुष्कळ आहेत. शिवाय त्या गावातून बाहेर पडलेला कोणीही साधा शेतकरी किंवा खाणकामगार त्याच नावाने ओळखला जाऊ शकत होता.

खरे नाते शोधायचे, तर कागद तपासावे लागतात. स्कॉटलंडमध्ये १८५५ पासून जन्म, विवाह आणि मृत्यूची नोंद सक्तीची आहे. नावनिशीवार खानेसुमारी १८४१ पासून मिळते आणि त्यामागे चर्चच्या नोंदवह्या आहेत. तेथील एक चांगली प्रथा अशी, की विवाहानंतरही स्त्रीचे माहेरचे आडनाव कायद्याच्या कागदांत आणि थडग्यांवर कायम राहते. त्यामुळे मातृवंशाचा मागही लागतो. शोध घेताना शेवटी 'ई' असलेली आणि नसलेली, अशी दोन्ही रूपे पाहणे आवश्यक ठरते. बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या वाय गुणसूत्राची चाचणी अलीकडे दोन कुटुंबांचा पुरुष पूर्वज एकच होता का, हे पडताळण्यास साह्यभूत ठरते. आडनावावरून 'कुलचिन्ह' विकणाऱ्यांपासून मात्र सावध राहावे. स्कॉटिश कायद्यानुसार कुलचिन्ह आडनावाचे नसते, एका व्यक्तीचे असते. एल्फिन्स्टनांच्या ढालीवरील तीन रानडुकरांची मस्तके प्रत्येक एल्फिन्स्टनाच्या मालकीची होत नाहीत.

मुंबईतील पाट्या बदलल्या, तेव्हा त्या बाजूने आणि विरोधात बरेच बोलले गेले. एका साहेबाचे नाव गेले, एवढाच अर्थ त्यात पाहिला गेला. परंतु तो साहेबही ते नाव एका गावाकडून उसने घेऊन आला होता आणि त्या गावानेही ते एल्फिन नावाच्या कोणा विस्मृत शेतकऱ्याकडून घेतले होते. त्याची वाडी आजही ट्रॅनेंटजवळ नांदती आहे.