घाटात धापा टाकणारी गाडी: कमी खर्चात एचपी कुठून आणायचे?

(ऐकण्याऐवजी वाचणाऱ्यांसाठी या भागाचा लेखी मजकूर. बोलण्यातली पुनरावृत्ती काढली आहे.)

आजचा विषय मार्गासनीच्या एका श्रोत्याच्या मेसेजवरून घेतलाय. त्यांच्याकडे ९९८ सीसीची जुनी वॅगनआर आहे, सीएनजीवाली. पुण्याला जाताना कधी नसरापूर, चेलाडी फाट्यावरून हायवे धरतात, तर कधी विंझरवरून पाबे घाट चढून खानापूरला उतरतात. मागच्या महिन्यात घाटात घरचे पाच जण गाडीत होते. पुढे ट्रॅक्टर होता. ओव्हरटेकला गाडी बाहेर काढली, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला, आणि गाडी सरकेचना! समोरून एसटी आली. कशीबशी आत घेतली.

आता एक गॅरेजवाला त्यांना सांगतोय, पस्तीस हजार द्या, कोन फिल्टर, फ्री-फ्लो सायलेन्सर आणि रिमॅप करून देतो. त्यांचा प्रश्न साधा आहे: करू का?

इंजिन म्हणजे हवेचा पंप

आपल्या साध्या पेट्रोल गाडीला टर्बो नसतो. पिस्टन खाली जाताना जेवढी हवा ओढेल तेवढीच. हिशोब बघा. चार स्ट्रोकचं इंजिन दोन फेऱ्यांत एकदा श्वास घेतं. म्हणजे एक लिटरचं इंजिन ६००० आरपीएमला मिनिटाला जास्तीत जास्त ३००० लिटर हवा घेणार. पेट्रोल कितीही ओता, एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ किलो हवा लागतेच. म्हणून ताकदीची मर्यादा हवेनं ठरते.

त्यात आपण राहतो उंचावर. समुद्रसपाटीपासून सातशे मीटरवर हवा सहा-सात टक्के विरळ असते. एप्रिलच्या दुपारी २५ ऐवजी ४० अंश तापमान असेल तर आणखी पाच टक्के गेले. कागदावरचे ६७ एचपी घाटाच्या पायथ्याशीच साठच्या खाली आले!

आधी हरवलेले घोडे शोधा

पहिला घोडा फुकट आहे. सीएनजी हा वायू आहे, तो सिलिंडरमध्ये हवेची जागा खातो. त्यामुळे ६७ एचपीचं हेच इंजिन सीएनजीवर ५८च्या आसपास येतं. म्हणजे घाट सुरू व्हायच्या आधी बटण पेट्रोलवर करा. जवळपास नऊ एचपी परत, खर्च शून्य. पस्तीस हजारांच्या पॅकेजमधून एवढे मिळाले तरी खूप झालं.

दुसरा घोडाही फुकट: गिअर. एचपी म्हणजे टॉर्क गुणिले आरपीएम. या इंजिनाचा ९० न्यूटन-मीटर टॉर्क मिळतो ३५०० आरपीएमला. तिसऱ्या गिअरमध्ये २००० वर रेंगाळत असाल तर ॲक्सिलरेटर तळाला लावूनही जेमतेम पंचवीस एचपी निघतात. दुसरा टाकून ४५०० पर्यंत जाऊ द्या, पन्नासच्या पुढे निघतात. इंजिन ओरडतं म्हणून आपण घाबरतो. पण ऑइल आणि कूलंट ठीक असेल तर लाल रेषेच्या आतला आवाज हा त्याच्या कामाचाच आवाज आहे.

तिसरा, तब्येत. एअर फिल्टर आणि प्लग बदला, थ्रॉटल बॉडी साफ करा. जॅक लावून चारही चाकं हातानं फिरवून बघा, एखादा ब्रेक चिकटलेला असतो. मग कम्प्रेशन टेस्ट करा. एका सिलिंडरचं प्रेशर बाकीच्यांपेक्षा बरंच कमी आलं, तर त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजतात. वाढलं तर बहुधा रिंगा गेल्यात, नाही वाढलं तर व्हॉल्व्हकडे बघा. अशा इंजिनावर रिमॅप मारणं म्हणजे तापात शर्यतीला उतरवणं.

चौथा, टायर आणि वजन. १४५/८० आर १३ ऐवजी दिसायला भारी म्हणून १६५/७० आर १४ टाकले असतील, तर चाकाचा व्यास चार टक्क्यांनी वाढला आणि चाकाची ओढ तेवढीच घटली. पाच माणसांसह गाडी साडेबाराशे किलोची धरली, तर टपावरचा कॅरिअर आणि डिकीतलं साठ किलो सामान काढणं म्हणजे तीनेक एचपी वाढवण्यासारखं आहे.

आता विकत मिळणाऱ्या गोष्टी

कोन फिल्टर: उघडा बसवला तर बॉनेटखालची गरम हवा ओढतो. आवाज वाढतो, ताकद कमीही होऊ शकते. कंपनीचा डबा बाहेरची थंड हवा घेतो, तो राहू द्या.

फ्री-फ्लो सायलेन्सर: फायदा मुख्यतः वरच्या आरपीएमला. घाटात आपल्याला पाहिजे मधल्या आरपीएमला. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढायला सांगितलं तर सरळ नाही म्हणा.

रिमॅप: टर्बो गाडीत प्रेशर वाढवता येतं म्हणून मोठा फरक पडतो. इथे वाढवायला प्रेशरच नाही. इग्निशनचं टायमिंग आणि मिश्रण थोडं बदलतात, हाती येतात चार-दोन एचपी. टायमिंग जास्त पुढे नेलं तर नॉकिंग होऊन पिस्टनला धोका.

मग खरी वाढ होते कशी? कॅमशाफ्ट, व्हॉल्व्ह, पोर्ट बदलून. होंडा सिटीचं उदाहरण घ्या. २००३ नंतरच्या मॉडेलमध्ये १४९७ सीसीचीच दोन इंजिनं होती. आठ व्हॉल्व्हचं आयडीएसआय सुमारे ७७ एचपी, सोळा व्हॉल्व्हचं व्हीटेक सुमारे १००. पण गंमत बघा, टॉर्क जवळजवळ सारखाच, १२८ आणि १३१. आयडीएसआयला तो २७०० आरपीएमला मिळायचा, व्हीटेकला ४८०० ला. तेवीस एचपी जास्त, पण ते वर चढल्यावर. अख्खा हेड बदलून हे साधतं, पस्तीस हजारांत नाही.

आणि कायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीवरच्या नोंदीशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. बेकायदा बदलाला कलम १८२-अ खाली प्रत्येकी पाच हजार दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

फरक पडला हे कसं कळणार?

कान फसवतात. मोकळा सरळ रस्ता, पहाटेची वेळ, शेजारच्यानं मोबाइलवर स्पीडोमीटरचं शूटिंग करायचं. तिसऱ्या गिअरमध्ये ३० ते ६० ला किती सेकंद? दोन्ही दिशांना तीन-तीन वेळा मोजा, सरासरी काढा. दहाचे साडेनऊ झाले तर ताकद पाचेक टक्के वाढली. डायनोवर गेलात तर आधीचं आणि नंतरचं रीडिंग एकाच मशीनवर, एकाच दिवशी घ्या.

मार्गासनीच्या दादांना मी कळवलं: आधी तपासणी, प्लग, फिल्टर. उरलेल्या पैशांतून ब्रेक आणि टायर. आणि सगळं करूनही पाच माणसं भरून पाबे घाटात ट्रॅक्टर दिसला, तर मागे थांबा. खानापूर दहा मिनिटं उशिरा आलं तरी चालेल.

तुमच्या गाडीचे ३० ते ६० चे सेकंद कळवा. भेटू पुढच्या भागात!