हिवाळ्यातील खेड्याची शाळा

मार्गशीर्ष लागला की गोमंतकातील शाळांच्या फलकांवर सूचनांची गर्दी होते. स्नेहसंमेलनाची तारीख, क्रीडास्पर्धांच्या फेऱ्या, सहलीची वर्गणी, १९ डिसेंबरचे ध्वजवंदन, नाताळची सुटी, आणि सुटीहून परततो न परततो तोच २६ जानेवारीच्या कवायतीची तयारी. वर्षभरातील शाळेच्या बहुतेक वार्ता या दोन महिन्यांत घडतात. पावसाळ्यात शाळा नुसती चालत असते. हिवाळ्यात ती गावाला दिसू लागते.

परंतु श्रोतेहो, शाळा गावाला दिसते हे खरे असले, तरी गाव शाळेला दिसते काय, असा प्रश्न विचारावासा वाटतो. आजच्या भाषणाचा विषय हाच आहे, आणि तो मांडण्यासाठी पेडणे महालातील तुये हा गाव मी डोळ्यांसमोर ठेवला आहे.

अलीकडे 'पर्यायी शाळा' हा शब्द बराच ऐकू येतो. त्याबरोबर शहराबाहेरची टुमदार इमारत, लाकडी खेळणी, थोडी मुले आणि पुष्कळशी फी असे काहीसे चित्र मनात उभे राहते. वस्तुतः पर्यायी शाळेचा पैशाशी संबंध असलाच पाहिजे असे नाही. पुस्तक, घंटा आणि परीक्षा यांच्या चाकोरीऐवजी मुलाच्या भोवतालचे जीवन हाच जिच्या शिक्षणाचा पाया, ती पर्यायी शाळा. ही व्याख्या मान्य केली, तर सरकारी प्राथमिक शाळेलाही पर्यायी होता येईल. किंबहुना तिलाच ते अधिक सोपे जावे, कारण ती मुळातच गावात असते.

आणि आपल्या भागात तर शाळेची सुरुवातच एका अर्थाने पर्याय म्हणून झालेली आहे. पेडणे महाल १७८८ साली सावंतवाडीकर भोसल्यांकडून पोर्तुगीजांकडे गेला. राजसत्तेची शाळा पोर्तुगीज भाषेची. लोकांनी आपली शाळा मराठीतून चालविली. देवळाच्या अग्रशाळेत किंवा एखाद्या घराच्या पडवीत ती भरे, आणि गुरुजींच्या चरितार्थाची जबाबदारी गावच उचलीत असे. पणजीस १९०८ साली स्थापन झालेल्या मुष्टिफंड संस्थेच्या नावातच त्या काळाची आठवण आहे: घराघरातून मूठ मूठ तांदूळ गोळा करून शाळा उभी करावयाची. सरकारी अनुदानाची भाषा आज ज्यांच्या तोंडी बसली आहे, त्यांनी ही मूठभर तांदळाची भाषा एकदा आठवून पाहावी. मुक्तीनंतर, विशेषतः १९६३ साली भाऊसाहेब बांदोडकरांचे मंत्रिमंडळ अधिकारावर आल्यावर, खेडोपाडी सरकारी प्राथमिक शाळा निघाल्या. लोकांची शाळा सरकारची झाली. शिक्षणाचा प्रसार झपाट्याने झाला, हा त्यातला मोठा लाभ. पण शाळा चालविण्याची जबाबदारी सरकारवर टाकून गाव हळूहळू तिच्या फाटकाबाहेर उभा राहिला, हेही झाले.

हिवाळा आणि शाळा यांचे नाते जगात सर्वत्र सारखे नाही. डेन्मार्कमध्ये ग्रुंटविग यांच्या विचारांतून १८४४ साली रोडिंग येथे पहिले लोकविद्यालय निघाले. तेथे शेतकऱ्यांचे तरुण मुलगे हिवाळ्याचे पाचएक महिने येऊन राहत. परीक्षा नाही, पदवी नाही; इतिहास, गाणी, मातृभाषा आणि एकमेकांशी संभाषण. हिवाळाच का, तर जमीन गोठलेली, शेतात काम नाही, म्हणून. आपल्याकडे नेमके उलट आहे. आपला पावसाळा माणसाला घरात बसवतो आणि हिवाळा बाहेर काढतो. सरद भात घरात आलेले असते, वायंगण शेतीची गडबड सुरू होते, मिरची, वाल आणि अळसांदे यांचे वाफे पाणी मागतात, काजूला मोहर येऊ लागतो, आणि रात्री जत्रांना वेग येतो. डेन्मार्कच्या खेड्यात हिवाळी शाळेचे दार बंद करून आत शेकोटीजवळ बसावे लागे. तुयेसारख्या गावात हिवाळी शाळेने दार उघडून बाहेर पडावे, हेच स्वाभाविक ठरते.

असे दार उघडणाऱ्या व्यक्ती मराठी मुलखात होऊन गेल्या आहेत. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि १९५७ साली ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. टेकडीच्या परिसरातील वारली मुले गुरे राखावयास जात. त्यामुळे शाळेत येत नसत. शाळेत या, असे त्यांना सांगत बसण्याऐवजी या बायांनी शाळाच कुरणावर नेली. गुरे चरत आहेत आणि झाडाखाली शिक्षण चालले आहे, अशी ही कुरणशाळा. तिचा बोध एवढाच नव्हे की गरीब मुलांसाठी काही सोय केली. मुलाचे काम आणि मुलाचे शिक्षण यांत वैर नाही, हे तिने प्रत्यक्ष दाखविले. १९३७ साली वर्धा येथील परिषदेत गांधीजींनी नई तालीमची जी कल्पना मांडली होती, तिचेही मर्म हेच.

आता तुये गावाकडे वळू. शापोरा नदीचा हा काठ. पलीकडे बारदेशातील कामुर्ली, आणि दोहोंमध्ये फेरीबोट. एकीकडे भातशेती आणि कुळागरे, दुसरीकडे औद्योगिक वसाहत. आणि याच महालात, मोपा येथे, डिसेंबर २०२२ मध्ये उद्घाटन झालेला विमानतळ. जवळच आगरवाडा आहे. त्याच्या नावातले 'आगर' म्हणजे मिठागर. या एका शब्दापासून हिवाळ्यातील शाळेचा पहिला पाठ सुरू करता येईल.

पाऊस संपला की आगरातील गोडे पाणी आणि गाळ काढून तळ सारखा करावा लागतो. मग बांधातील मानशीच्या दारातून भरतीचे खारे पाणी आत घेतात आणि एका खाचरातून दुसऱ्यात, तेथून तिसऱ्यात असे फिरवीत नेतात. ऊन आणि वारा त्यातील पाणी शोषून घेतात. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात आणि त्यांपैकी आपले खाण्याचे मीठ सुमारे २७ ग्रॅम. पाणी आटून मूळच्या दहाव्या हिश्श्याजवळ आले म्हणजे मिठाचे खडे धरू लागतात. आता पाचवीच्या मुलाला विचारावे: घरात वर्षाला दहा किलो मीठ लागत असेल, तर किती पाणी आटवावे लागेल? उत्तर ३७० लिटरांच्या आसपास येते. हे उत्तर काढण्यास त्रैराशिक लागते, आणि ते ताडून पाहण्यास आगरात काम करणारा माणूस लागतो. तो सांगेल की नदीच्या मुखाजवळचे पाणी समुद्राइतके खारे नसते, पावसाळ्यानंतर तर मुळीच नाही. म्हणून तुमच्या हिशेबाहून पाणी जास्त लागणार. गणित चुकले नाही, पण अपुरे पडले, हे मुलाला कळणे मला पाठ्यपुस्तकातील दहा उदाहरणांपेक्षा मोलाचे वाटते.

दुसरा पाठ त्याहून सोपा आहे आणि त्यास एका काठीखेरीज काही लागत नाही. मुक्तिदिनाचे ध्वजवंदन झाले की शाळेच्या अंगणात एक मीटर उंचीची काठी सरळ रोवावी आणि दुपारी तिची सावली मोजत राहावे. सर्वांत आखूड सावली बारा वाजता पडेल, असे मुले ठामपणे सांगतील. ती पडते साडेबाराच्या सुमारास. कारण आपल्या घड्याळातील वेळ साडेब्याऐंशी रेखांशाची आहे, आणि तुये सुमारे पावणेचौऱ्याहत्तर रेखांशावर. सूर्याला आपल्या डोक्याशी यावयास पस्तीसेक मिनिटे अधिक लागतात. त्या दिवशी ही आखूड सावलीही ८१ सेंटिमीटर भरेल. तीच काठी २६ जानेवारीस पुन्हा मोजली तर सावली ६९ सेंटिमीटरांच्या आसपास येते, आणि गंमत अशी की तिची वेळही पुढे सरकून पाऊण वाजण्याच्या सुमाराला जाते. हे दुसरे सरकणे का झाले, याचे उत्तर प्राथमिक शाळेत देण्याची घाई करू नये. पृथ्वीची कक्षा दीर्घवर्तुळाकार आहे, तिचा आस कललेला आहे, हे पुढे केव्हातरी कळेल. प्रश्न मात्र मुलाने स्वतः मोजून मिळविलेला असेल. दोन राष्ट्रीय दिनांमधील अडतीस दिवस शाळेला अशा रीतीने अनायासे वेधशाळा होता येते.

भाषेचा प्रश्न याहून नाजूक आहे. पेडण्यातील मुलाची घरची बोली एक, पुस्तकातील मराठी दुसरी, आणि आईवडिलांच्या आकांक्षेतील इंग्रजी तिसरी. यांपैकी पहिल्या दोहोंमध्ये पूल बांधण्याचे काम आपल्या शाळांनी फारसे केले नाही. ते शतकानुशतके दशावताराने केले आहे. हिवाळ्यात देवळापुढे रात्रभर चालणारा हा खेळ पाहा. राजे, ऋषी आणि देव घरंदाज मराठीत बोलतात. त्यांचे संवाद कोणी लिहून दिलेले नसतात, नट ते उभ्या उभ्या रचतो. आणि आरंभी येणारा संकासुर अस्सल गावच्या बोलीत सर्वांची थट्टा करतो. शिष्ट मराठी देवांच्या वाट्याला आणि बोली वेद चोरणाऱ्याच्या वाट्याला, अशी ही वाटणी झाली आहे खरी. परंतु प्रेक्षकांचे, त्यातही मुलांचे, प्रेम संकासुरावरच अधिक असते! निरक्षर प्रेक्षकही या खेळांतून संस्कृतप्रचुर मराठी समजू लागला. मग जत्रेच्या दुसऱ्या दिवशी डोळे चोळीत वर्गात बसलेल्या मुलांना 'काल राजा काय म्हणाला, आणि संकासुराने तेच कसे म्हटले असते' असे लिहावयास सांगणे, हा निबंधाच्या ठरावीक विषयांहून चांगला विषय नाही काय? पौषातील धालोंविषयीही असेच सांगता येईल. मांडावर दोन ओळींत समोरासमोर उभ्या राहून गाणाऱ्या बायांची स्मरणशक्ती हा एक अलिखित ग्रंथसंग्रह आहे. मात्र धालो हे व्रत आहे. त्याला रंगमंचावर ओढून आणण्यापेक्षा मुलींनी आजीजवळ बसून गाणी ऐकावी आणि वहीत उतरून घ्यावी, हे अधिक शोभेल.

येथे स्नेहसंमेलनाविषयी थोडे स्पष्ट बोलले पाहिजे. सबंध डिसेंबर तालमीत जातो. ध्वनिक्षेपकावर चित्रपटगीत लागते, भाड्याचे झगमगीत कपडे येतात, आणि ज्या मुलाला लय नाही ते मागच्या ओळीत झाड होऊन उभे राहते. एक रात्र टाळ्या पडतात. पालकांना आनंद होतो हे नाकारू नये. पण ज्या गावाच्या देवळापुढे नाट्यकलेची जिवंत परंपरा आहे, त्या गावाच्या शाळेने करमणूक उसनी आणावी, हे काही बरोबर वाटत नाही.

हा केवळ अभिरुचीचा वाद असता तर तो मी आज उकरून काढला नसता. गोमंतकातील सरकारी मराठी प्राथमिक शाळांची पटसंख्या अनेक वर्षे घसरत आली आहे, कित्येक शाळा बंद झाल्या किंवा शेजारच्या शाळेत मिसळल्या. २०११ साली इंग्रजी माध्यमाच्या प्राथमिक शाळांना अनुदान देण्याचा निर्णय झाल्यापासून तर माध्यमाचा वाद शमलेला नाही. औद्योगिक वसाहत आणि विमानतळ डोळ्यांसमोर असता पालकाने इंग्रजीकडे पाहिले, तर त्याला दोष देता येणार नाही. परंतु मराठी शाळेने त्याच्याशी काय बोलावे? आम्हीही थोडे इंग्रजी शिकवतो, आम्हीही तसेच गणवेश देतो, एवढेच ती म्हणेल तर ती हरलेली आहे. नकलेपेक्षा माणूस अस्सल पसंत करतो. तिच्याजवळ जे दुसऱ्या कोणाजवळ नाही, ते दाखविण्याचे दिवस म्हणजे हे हिवाळ्याचे दोन महिने. तिची लहान संख्याही येथे अडचण ठरत नाही. शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे साठ मुलांपर्यंत प्राथमिक शाळेला दोन शिक्षक मिळतात. दोन शिक्षकांनी वीस-पंचवीस लहानमोठ्या मुलांना बांधावर नेणे शक्य आहे. तीनशे मुलांच्या शाळेला बस ठरवावी लागते.

आणि आता धोरणाचाही आधार आहे. २०२० सालच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवस सुचविले आहेत. या दिवसांत मुलांनी सुतार, माळी, कुंभार, कलावंत अशा स्थानिक जाणकारांच्या हाताखाली शिकावे, अशी अपेक्षा आहे. धोरण सहावीपासून बोलते म्हणून चौथीच्या मुलाला बाहेर नेऊ नये, असे त्यात कोठेही म्हटलेले नाही. तुयेच्या मुलांना आगर जवळ आहे. सहलीचा एक दिवस डिचोलीकडे वळविला तर तेथील कुंभारांचे चाक आणि समया घडविणाऱ्यांची भट्टी पाहता येईल. भीती एवढीच वाटते की हे दहा दिवसही कागदावर जातील: दप्तराविना मुले वर्गातच बसतील, चित्रे रंगवतील, आणि अहवालाला छायाचित्रे जोडली जातील.

ते टाळावयाचे तर तयारी दिवाळीच्या सुटीपूर्वी करावी लागेल. आगरातील माणसाला, वायंगण लावणाऱ्या बाईला, दशावतारी नटाला आधी भेटून वेळ विचारावी; त्यांचा दिवस मोडतो, म्हणून त्यांना मानधन द्यावे, नुसता नारळ आणि शाल नव्हे. वेळापत्रकही बदलावे लागेल. मानशीतून पाणी आत घेताना पाहावयाचे तर भरतीलाच गेले पाहिजे, आणि ती अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाची असेल तर उत्तम. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येते. आज ती दहाला असेल तर उद्या दहा-पन्नासला आणि परवा पावणेबाराच्या आतबाहेर. तेव्हा मुख्याध्यापकांच्या खोलीत तासिकांच्या तक्त्याशेजारी भरती-ओहोटीचा तक्ता लागला पाहिजे, आणि तो मुलांनीच महिनाभर फेरीबोटीच्या धक्क्यावर उभे राहून तयार केलेला असावा.